जयपूरची वाहतूक : सांधा कोणाचा?

जयपूरला बदली होऊन आल्याला मला आता तीन वर्षे होत आली. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला नव्या शहराची पहिली खरी ओळख होते ती तेथल्या बसथांब्यावर. भाषा, पत्ता, सुटे पैसे आणि धीर या चारही गोष्टींची परीक्षा तेथे एकदमच होते. माझे वाचक इंदूर, दिल्ली, बंगळूरपासून दुबई, सिंगापूर, लंडनपर्यंत विखुरलेले आहेत. त्यांतील प्रत्येकाने ही परीक्षा कधी ना कधी दिलेली असणार.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी मानसरोवरहून मेट्रोने बडी चौपडला जातो. सुमारे बारा किलोमीटरचा मार्ग, अकरा स्थानके, आणि अर्ध्या तासाच्या आत माणूस नव्या जयपुरातून जुन्या जयपुरात पोहोचतो. गाडी स्वच्छ असते, वेळेवर येते, तिकिटाचा गोंधळ नसतो. जिना चढून वर आले की हवामहल हाकेच्या अंतरावर. पण ज्याला बडी चौपडलाच थांबायचे नाही, त्याचा प्रवास येथून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ई-रिक्षावाल्याशी भाव ठरवायचा, नाही तर मिनीबस कोठे थांबते याची चौकशी करायची, आणि मघाच्या तिकिटाचा आता काही उपयोग नाही हे मुकाट्याने मान्य करून पुन्हा खिशात हात घालायचा. एक वाहन संपते आणि दुसरे सुरू होते, त्या जागेला मी 'सांधा' म्हणतो. शहरातील वाहतूक बिघडते ती बहुतेक वेळा वाहनात नव्हे, या सांध्यात. हा सांधा जयपुरात कसा निर्माण झाला आणि तो कोणाच्याच मालकीचा कसा राहिला नाही, हा इतिहास मला आज सांगायचा आहे.

आरंभ अर्थातच १७२७ पासून केला पाहिजे. सवाई जयसिंह (दुसरे) यांनी आमेरच्या डोंगरी राजधानीतून खाली मैदानात येऊन नवे शहर वसवले. आखणीचे श्रेय विद्याधर भट्टाचार्य या बंगाली अधिकाऱ्याकडे जाते. मराठी वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते की, जयसिंहांच्या विद्वत्सभेतील अग्रगण्य ज्योतिषी सम्राट जगन्नाथ पंडित हे महाराष्ट्रीय होते. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीतून 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणली. अशा भूमितीप्रेमी राजाच्या नगरात सरळ रेषा आणि काटकोन आले, यात नवल नाही.

या आखणीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. २०१९ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने जुन्या शहराला जागतिक वारसास्थळाचा दर्जाही दिला. प्रशासकाच्या दृष्टीने मात्र तिच्यातील वेगळीच गोष्ट लक्षणीय आहे. चांदपोल ते सूरजपोल हा पूर्व-पश्चिम मुख्य रस्ता डोंगरसरीच्या चढावर टाकला आहे, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना आपोआप उतरते. रस्त्यांच्या रुंदीची प्रतवारी ठरलेली असून मुख्य रस्ते सुमारे ११० फूट रुंद आहेत. त्यांच्या कडेने सारख्या मापाची दुकाने आहेत. जेथे मोठे रस्ते एकमेकांना छेदतात तेथे चौपड, म्हणजे मोठा चौक. छोटी चौपड, बडी चौपड आणि रामगंज चौपड अशा तीन चौपडी एकाच रेषेत आहेत. त्यांत कुंड होते आणि कालव्याचे पाणी तेथे येत असे. रस्ता, बाजार, पाणी आणि लोकांची भेटण्याची जागा या चार गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच विचाराने जोडलेल्या होत्या. चौपड हा त्या शहराचा सांधाच होता. तो आधी आखला गेला आणि घरे मागाहून आली.

पुढे हे कुंड बुजले. मेट्रोचे खोदकाम करताना ते जमिनीखाली पुन्हा सापडले, तेव्हा जयपूरकर ते पाहायला गर्दी करून जात असत.

अर्थात जयसिंहांचे जयपूर हा आपल्यासाठी कित्ता नव्हे. तेथे एकच राजा होता, एकच खजिना होता आणि हरकत घ्यायला कोणी नव्हते. शहर पायी चालणाऱ्यांचे, पालख्यांचे, बैलगाड्यांचे आणि हत्ती-घोड्यांचे होते. तरी एवढे खरे की, रस्त्याचा विचार एका दालनात, पाण्याचा दुसऱ्या आणि बाजाराचा तिसऱ्या दालनात होत नव्हता.

पहिला मोठा सांधा निर्माण झाला तो रेल्वेमुळे. १८७० च्या दशकाच्या मध्यास आग्र्याकडून आलेला मीटरगेज लोहमार्ग जयपूरला पोहोचला. महाराजा रामसिंह (दुसरे) यांचा तो काळ. शहरात गॅसचे दिवे, नळाचे पाणी, रामनिवास बाग अशा सुधारणा त्याच सुमारास होत होत्या. पण स्थानक झाले तटाच्या बाहेर, चांदपोल दरवाजाच्या पश्चिमेस. स्थानक आणि शहर यांच्यामधले अंतर टांग्यांनी आणि इक्क्यांनी भरून काढले. राजाच्या शहराची वाहतूक आणि रेल्वे यांचे मालक वेगळे झाले, आणि मधली वाट ज्याला जमेल त्याने चालवावी अशी रीत पडली. ही रीत आजतागायत मोडलेली नाही. फक्त टांग्याच्या जागी ई-रिक्षा आली.

१९४२ ते १९४६ या काळात सर मिर्झा इस्माईल जयपूर संस्थानचे दिवाण होते. म्हैसूरचे दिवाण म्हणून त्यांची कीर्ती आधीच झालेली होती. तटाच्या दक्षिणेस शहर वाढू लागले ते त्यांच्या काळात. आजचा एम.आय. रोड त्यांच्याच नावाचा, आणि सी-स्कीमसारख्या वसाहतींची नावे त्या वेळच्या योजनांची आठवण देतात. १९५१ मध्ये शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत ती ३० लाखांच्या वर गेली. साठ वर्षांत दसपट! राजस्थान हौसिंग बोर्डाने वसवलेले मानसरोवर हे त्या वाढीचे ठळक उदाहरण. घरे झाली, रस्ते झाले, पण कामे, शाळा, इस्पितळे आणि घाऊक बाजार बऱ्याच अंशी जुन्या भागातच राहिले. मग माणसांनी जावे कसे?

१९६४ मध्ये राजस्थान राज्य मार्ग परिवहन निगम स्थापन झाले. सिंधी कॅम्पचे मोठे बसस्थानक त्याचेच. निगमाचे मुख्य काम गावे आणि शहरे जोडण्याचे. शहरांतर्गत सेवा हे सावत्र अपत्य. ती पोकळी खासगी मिनीबसनी भरली. मिनीबसला नावे ठेवणे सोपे आहे, परंतु तिचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. मालकाकडे बहुधा एक-दोन गाड्या असतात. चालक-वाहकाची कमाई त्या दिवशी किती प्रवासी भरले यावर ठरते. म्हणून गाडी भरेपर्यंत ती थांब्यावर रेंगाळते आणि भरली की मागच्या गाडीला प्रवासी मिळू नयेत म्हणून धावत सुटते. हा स्वभावाचा दोष नव्हे, कराराचा दोष आहे. ज्याला किलोमीटरमागे पैसे मिळतात तो वेळापत्रक पाळतो. ज्याला माणशी पैसे मिळतात तो माणसे पळवतो.

आता अलीकडच्या वीस वर्षांकडे वळू. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले आणि जयपूर त्यात निवडले गेले. एप्रिल २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण आले. त्यातील दोन वाक्यांचा आशय आम्हा अधिकाऱ्यांना पाठ असे: रस्त्यावर वाहने नव्हे तर माणसे हलवायची आहेत, आणि दहा लाखांहून मोठ्या प्रत्येक शहरात सर्व वाहतूक-साधनांचा एकत्रित विचार करणारे एकच महानगर परिवहन प्राधिकरण असावे. धोरण उत्तम होते. मग जयपुरात काय झाले?

प्रथम बीआरटीएस, म्हणजे बससाठी रस्त्याच्या मध्यभागी राखीव मार्गिका. सीकर रोडवरचा तुकडा २०१० मध्ये सुरू झाला. पुढे अजमेर रोड ते न्यू सांगानेर रोड या भागात दुसरा तुकडा झाला. दोन्ही मिळून सुमारे १६ किलोमीटर. पण हे दोन तुकडे एकमेकांना जोडलेले नव्हते. जेथे गर्दी सर्वांत जास्त आणि जागा सर्वांत कमी, तो मधला भाग राहूनच गेला. जेथे बसला राखीव मार्गाची गरज कमी तेथे तो मिळाला आणि जेथे खरी गरज होती तेथे बस इतर वाहनांत अडकली. २०२४-२५ मध्ये हा कॉरिडॉर काढून टाकण्याचा निर्णय झाला. दिल्लीने २०१६ मध्ये आणि भोपाळने २०२४ मध्ये हाच मार्ग धरला होता. याउलट अहमदाबादेत त्याच दशकात, ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झालेली सेवा टिकली. तेथे मार्गांचे अखंड जाळे विणले गेले आणि ती चालवण्यासाठी एक स्वतंत्र कंपनी उभी राहिली. सिमेंट-काँक्रीट दोन्हीकडे एकाच प्रकारचे होते.

दुसरी गोष्ट बसची. २००८ मध्ये जयपूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस लिमिटेड ही कंपनी निघाली. जागतिक मंदीच्या काळात, २००९ मध्ये, केंद्राने अभियानातील शहरांना बसखरेदीसाठी मोठे साहाय्य दिले. देशभरात पंधरा हजारांहून अधिक बस मंजूर झाल्या. जयपूरकर ज्यांना आजही 'लो फ्लोअर' म्हणतात, त्या बस तेव्हाच्या. पैसा खरेदीसाठी होता; रोज चालवण्यासाठी, दुरुस्तीसाठी, टायरसाठी नव्हता. मुलीचे लग्न थाटात लावून द्यावे आणि संसाराचा खर्च कोणी करायचा हे बोलूच नये, तसा हा प्रकार.

तिसरी गोष्ट मेट्रोची. २०१० मध्ये जयपूर मेट्रो रेल कॉर्पोरेशन स्थापन झाले. मानसरोवर ते चांदपोल हा ९.६ किलोमीटरचा टप्पा दिल्ली मेट्रोने बांधून दिला आणि ३ जून २०१५ रोजी तो सुरू झाला. चांदपोल ते बडी चौपड हा भुयारी टप्पा आशियाई विकास बँकेच्या कर्जातून झाला आणि २३ सप्टेंबर २०२० रोजी खुला झाला. मधल्या पाच वर्षांत मेट्रो तटाच्या दाराशी येऊन थांबत होती. प्रवासी अपेक्षेपेक्षा फारच कमी होते, आणि लोक मेट्रोला पांढरा हत्ती म्हणत. बडी चौपडपर्यंत गेल्यावर प्रवासी वाढले. रस्ता आणखी अडीच किलोमीटरच वाढला होता, पण लोकांना जेथे जायचे होते तेथे तो पोहोचला होता.

या मेट्रोची एक गोष्ट मला नेहमी अंतर्मुख करते. अजमेर रोडच्या बाजूला काही अंतर एकाच खांबांवर खाली उड्डाणपूल आणि त्याच्या वर मेट्रोचा मार्ग असे दोन मजले आहेत. अशी दुमजली रचना देशात प्रथम येथे झाली असे सांगतात. म्हणजे स्थापत्यशास्त्राने दोन संस्थांची कामे एका खांबावर आणून दाखवली. परंतु ज्या दिवशी मेट्रो सुरू झाली त्या दिवशी मेट्रोतून उतरून लो फ्लोअर बसमध्ये चढणाऱ्या प्रवाशासाठी दोहोंचे एक तिकीट नव्हते. काँक्रीट जोडणे जमले. कागदाचा एक तुकडा जोडणे जमले नाही.

हे न जमण्याचे कारण कोणा एका अधिकाऱ्याचा आळस नव्हे. कारण कायद्यात आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे द्यावयाच्या विषयांत 'बसथांबे' आहेत, बससेवा नाही! बसचे परवाने आणि भाडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली राज्य सरकार ठरवते. मेट्रोचे भाडे २००२ च्या मेट्रो रेल्वे कायद्याखालील समिती ठरवते. रेल्वे केंद्राची. सिग्नल आणि कोंडी वाहतूक पोलिसांची. जयपूर विकास प्राधिकरणाच्या १९८२ च्या कायद्यात वाहतूक नियंत्रण मंडळाची तरतूद आहे. पण ज्या मंडळाकडे ना बसचा पैसा, ना मेट्रोचा, ते नियंत्रण कशाचे करणार? महापालिका २०१९ मध्ये हेरिटेज आणि ग्रेटर अशी दुभंगली. २०२५ मध्ये ती पुन्हा एक करण्याचा निर्णय झाला. या साऱ्या व्यवस्थेत प्रत्येक वाहनाला मालक आहे, प्रत्येक रस्त्याला मालक आहे. प्रवाशाच्या घरापासून कामापर्यंतच्या पूर्ण प्रवासाला मात्र मालक नाही.

याची किंमत कोण देतो? आमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाई शहराच्या पूर्वेकडील डोंगराच्या पायथ्याशी राहतात. आधी ई-रिक्षा, मग मिनीबस, मग पुन्हा ई-रिक्षा. येऊन-जाऊन दिवसाला सहा वेळा पैसे मोजायचे. गेल्या वर्षी त्यांना आणखी एका घरी अधिक पगाराचे काम मिळत होते. त्यांनी ते नाकारले, कारण वाटेत आणखी एक वाहन बदलावे लागले असते. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "साहेब, एकदाच घ्या म्हणावं, हवं तर थोडे जास्त घ्या. पण हे सारखं उतरायचं, वाट पाहायची आणि पुन्हा द्यायचं, त्यात दिवस जातो." त्या नाकारलेल्या पगाराची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही. शहराच्या उत्पन्नातून मात्र तो वजा झालेलाच आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काही नाही. ऑगस्तँ कूर्नो या फ्रेंच पंडिताने १८३८ मध्येच हा प्रश्न मांडला होता. पितळ करायला तांबे आणि जस्त दोन्ही लागतात. तांब्याचा मक्तेदार एक आणि जस्ताचा दुसरा असेल, तर प्रत्येक जण आपापला भाव असा चढवतो की पितळ महाग होते. इतके महाग, की दोन्ही धातू एकाच मक्तेदाराच्या हाती असते तर त्यानेही तेवढा भाव लावला नसता. गिऱ्हाईक घटते आणि शेवटी दोन्ही विक्रेत्यांचे नुकसान होते. ई-रिक्षा, मिनीबस आणि मेट्रो हे असेच तांबे-जस्त आहेत. प्रवाशाला हवे असते पितळ. शिवाय भाड्याचा पहिला टप्पा नेहमीच महाग असतो. दहा किलोमीटर सलग गेले तर जे भाडे पडते, त्याहून पाच आणि पाच असे दोनदा गेले तर जास्त पडते. वाहतूक-अर्थशास्त्रात थांब्यावर वाट पाहण्याचे एक मिनिट धावत्या गाडीतल्या जवळपास दोन मिनिटांइतके जड धरण्याचा प्रघात आहे. बाईंना हा प्रघात ठाऊक नाही, पण हिशेब त्यांनी अचूक केला होता.

मग एकत्रीकरण म्हणजे सगळ्या सेवा एकाच महामंडळात कोंबणे काय? लंडनने १९३३ मध्ये जवळपास तेच केले. भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस एका मंडळाखाली आणल्या. ज्या उपनगरी रेल्वे बाहेर राहिल्या त्यांचे उत्पन्नही सामाईक हिशेबात घेतले. हँबर्गने १९६५ मध्ये दुसरी वाट दाखवली. तेथे वाहतूक संस्था वेगळ्याच राहिल्या, पण तिकीट आणि वेळापत्रक एक झाले आणि उत्पन्नाची वाटणी ठरलेल्या सूत्राने होऊ लागली. मला आपल्या परिस्थितीत हँबर्गची वाट अधिक जवळची वाटते. सिंगापूरमधील वाचकांना तेथील व्यवस्था सहज घडली असे वाटण्याचा संभव आहे. पण तेथेही अनेक छोट्या बस कंपन्या १९७१ मध्ये तीन आणि १९७३ मध्ये एक झाल्या, १९८७ मध्ये एमआरटी आली, आणि वाहन बदलल्याचा भुर्दंड भाड्यातून पूर्णपणे गेला तो २०१० मध्ये. म्हणजे एवढ्याशा बेटाला, एकाच सरकारला, ३७ वर्षे लागली.

आपल्याकडे पुण्यात २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली. पण केवळ पाटी बदलून बस वेळेवर येत नाहीत, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. चेन्नईने परिवहन प्राधिकरणाचा कायदा २०१० मध्ये केला, परंतु त्याच्या कामाला खरी गती २०२२ नंतर आली आणि २०२५ मध्ये बस, मेट्रो व उपनगरी रेल्वे यांची तिकिटे एकाच अ‍ॅपवर मिळू लागली. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणाने असे प्राधिकरण असणे ही मेट्रोच्या साहाय्याची अटच केली. अट कागदावर पूर्ण करता येते, हीच तिची मर्यादा.

कागदावर म्हणजे काय, याचा मला अनुभव आहे. एका शहरात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) मी एका समितीवर होतो. स्थानकाबाहेरचा बसथांबा साठ-सत्तर पावले पुढे, प्रवासी बाहेर पडतात त्या दाराशी आणायचा होता. जागा एका खात्याची, रस्ता दुसऱ्याचा, थांब्याचे छप्पर जाहिरातीच्या कंत्राटामुळे तिसऱ्याचे, बस चौथ्याची आणि वाहतूक वळवण्याचा अधिकार पाचव्याचा. वर्षभरात चार बैठका झाल्या. कोणीही विरोध केला नाही. सर्वांनी 'तत्त्वतः मान्य' असे लिहिले. थांबा जेथे होता तेथेच राहिला, आणि पावसाळ्यात डोक्यावर बोचकी घेऊन ती साठ पावले चालणारी माणसे मी स्वतः पाहिली.

इतरांकडे बोट दाखवण्याआधी स्वतःबद्दलही लिहिले पाहिजे. २००९ च्या सुमारास मी दिल्लीत होतो आणि राज्यांच्या अनुदान-प्रस्तावांची छाननी हे माझ्या कामाचा भाग होते. माझ्या टेबलावरच्या तक्त्यात रकाने असत: मंजूर संख्या, खरेदी झालेली संख्या, दिलेला हप्ता, उपयोगिता प्रमाणपत्र. एका प्रवासासाठी माणसाला किती वेळा वाहन बदलावे लागते आणि किती वेळा पैसे द्यावे लागतात, असा रकाना त्यात नव्हता. तो असावा असे मलाही तेव्हा सुचले नाही. मी अर्थशास्त्र शिकलो होतो, कूर्नो मला परीक्षेत विचारला गेला होता. तरीही सुचले नाही. रकाना नसला की प्रश्न दिसत नाही, आणि न दिसलेल्या प्रश्नाला अनुदान मिळत नाही. आज जयपूरच्या रस्त्यावर उभा राहून मी त्या न काढलेल्या रकान्याचे फळ पाहतो आहे.

तेव्हा करावे काय? माझ्या मते चार गोष्टी, त्याही या क्रमाने.

पहिली, सांध्यापासून सुरुवात करावी. प्रत्येक मेट्रो स्थानकाभोवतीच्या तीनशे मीटरची जबाबदारी एका नामनिर्देशित अधिकाऱ्यावर टाकावी. पदपथ, थांबा, रिक्षातळ, दिवे आणि पाटी या पाचही गोष्टींबद्दल प्रश्न त्यालाच विचारला जावा, आणि त्या सोडवण्यापुरता निधी त्याच्याच हाती असावा.

दुसरी, एका तासात वाहन बदलणाऱ्याला दुसऱ्या तिकिटात सवलत द्यावी. सामाईक तिकिटाचे सर्व तंत्रज्ञान येईपर्यंत थांबू नये. सवलतीची भरपाई कोणी करायची याचे सूत्र आधी लिहून काढावे, कारण भांडण तंत्रज्ञानाचे नसून वाटणीचे असते.

तिसरी, मिनीबस आणि ई-रिक्षा यांना शत्रू मानू नये. टांग्याच्या काळापासून शहराचे सांधे त्यांनीच सांभाळले आहेत. मिनीबसला प्रवाशांच्या संख्येऐवजी किलोमीटरमागे पैसे देणारा करार द्यावा, आणि ई-रिक्षाला ठरलेले तळ व ठरलेले फेरे.

चौथी, प्राधिकरणाला कायदा आणि पैसा दोन्ही द्यावे. केंद्राने आणि राज्याने बस, मेट्रो, रस्ता यांची अनुदाने वेगवेगळ्या दारांनी न पाठवता एकाच दाराने पाठवली, तर सहकार्यासाठी परिपत्रके काढावी लागणार नाहीत. २०२३ च्या पीएम ई-बस सेवा योजनेत केंद्राने प्रथमच बस चालवण्यासाठी किलोमीटरमागे साहाय्य देऊ केले. ही योग्य दिशा आहे. आता त्या तक्त्यात सांध्याचाही एक रकाना असावा.

विकसनशील देशांतील शहरांकडे पैसा नाही, म्हणून हे होत नाही, असे आपण नेहमी ऐकतो. जयपूरने वीस वर्षांत मेट्रो बांधली, बीआरटीएस बांधला आणि तो मोडण्याचाही निर्णय घेतला, शेकडो बस घेतल्या. पैसा अगदीच नव्हता असे कसे म्हणावे? प्रत्येक तुकड्याला पैसा मिळाला. तुकडे जोडण्याला मिळाला नाही.

परवा बाईंना मी सांगितले की, मेट्रोचा बडी चौपडच्या पूर्वेकडचा, ट्रान्सपोर्ट नगरपर्यंतचा टप्पा बांधला जात आहे. तो झाला की त्यांच्या वस्तीच्या बाजूलाच मेट्रो येईल. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, "स्टेशनापासून घरापर्यंत काय मिळेल?" माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत वाहतूक प्रकल्पावर याहून नेमका प्रश्न मी कोणत्याही बैठकीत ऐकलेला नाही. वाचकांनी आपापल्या शहरांतील असे सांधे, जुळलेले आणि निखळलेले, मला अवश्य कळवावेत. पुढच्या तक्त्यात रकाना काढताना ते उपयोगी पडतील.